गिअरबॉक्स खोटे बोलत नाही

मे महिन्यातली दुपार. ठाण्याहून नाशिकला निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. पुढे वडील आणि नुकताच नोकरीला लागलेला मुलगा, मागे आई आणि आजी, आजीच्या पायाशी आंब्याची पेटी. गाडी टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, सत्तर हजार किलोमीटर चाललेली. कसारा मागे पडते आणि घाट लागतो. पुढचा ट्रक मागे टाकावा म्हणून वडील ॲक्सिलरेटर दाबतात. इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा तीन हजारांवरून साडेतीन हजारांवर जातो; पण गाडी मात्र आहे त्याच वेगात! पाठोपाठ अंगातून कापरे भरावे तशी एक थरथर, आणि डॅशबोर्डवरचे गिअरचे अक्षर लुकलुकू लागते. मागून येणारी बस हॉर्नवर हात ठेवून उभी. आजी रामरक्षा म्हणू लागतात.

कशीबशी गाडी इगतपुरी गाठते. दुसऱ्या दिवशी नाशिकमधले एक वर्कशॉप. स्कॅनर लागतो, पाच मिनिटांत निकाल येतो. “साहेब, गिअरबॉक्स गेला. दीड-दोन लाखांचं काम आहे.”

वडील हबकतात. मेकॅनिक सहज विचारतो, “गाडीत बाहेरून काही करून घेतलंय का?”

“छे! सगळ्या सर्व्हिस वेळेवर आहेत. पुस्तक बघा हवं तर.” वडील अगदी खरे बोलत असतात. शेजारी उभा असलेला मुलगा मात्र मोबाइलमध्ये डोके खुपसतो. सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी मित्राच्या ओळखीने त्याने गाडी ‘रिमॅप’ करून आणली, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

हे कुटुंब काल्पनिक आहे. पण टर्बो गाड्या आणि रिमॅपची हौस ज्या ज्या शहरात पोहोचली, तिथल्या गॅरेजवाल्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की गिअरबॉक्स खरोखर ‘गेला’ आहे का? आणि हे ठरवायचे कसे?

इंजिनाला शिकवलेली नवी विद्या

टर्बो ही काही कालची कल्पना नव्हे. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचे पेटंट १९०५ साली घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया जाऊ देण्याऐवजी त्याच्यावर एक छोटी पंखाचकती फिरवायची. तिच्याच दांड्यावरची दुसरी चकती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येते आणि ताकद जास्त मिळते. म्हणूनच आजकाल हजार-बाराशे सीसीचे इंजिन एके काळच्या सोळाशे सीसीच्या इंजिनाची बरोबरी करते.

ही हवा किती दाबायची, ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचे, हे सारे ठरवतो तो इंजिनाचा कॉम्प्युटर. कंपनी तो बेताने बसवते. निकृष्ट पेट्रोल, राजस्थानचा उन्हाळा, वर्षानुवर्षांची झीज हे सगळे धरून हाताशी थोडी ताकद राखून ठेवते. रिमॅप करणारा लॅपटॉप लावतो, कॉम्प्युटरमधली ही कोष्टके बदलतो आणि राखलेली ताकद बाहेर काढतो. पान्याला हात लावावा लागत नाही, एक बोल्ट सैल होत नाही. तासाभरात गाडी परत! बॉनेट उघडून पाहिले तरी काही दिसत नाही. सोय तीच आणि धोकाही तोच. जे दिसत नाही, ते पुढे निदान करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

गिअरबॉक्स ऐकीव माहितीवर चालतो

घरोघरी ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द वापरला जातो, पण त्यामागे निरनिराळी यंत्रे असतात. टर्बो गाड्यांत प्रामुख्याने दोन आढळतात. पहिला जुना, टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसराही फिरू लागतो, तसेच हे. फक्त हवेच्या जागी तेल. दुसरा नवा, डबल क्लचचा. यात नेहमीच्या गिअरबॉक्ससारखेच गिअर असतात, पण क्लच दोन. एक क्लच एक, तीन, पाच असे विषम गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा असे सम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर बदलल्याचे कळतही नाही.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी. क्लच किती जोराने आवळायचा हे गिअरबॉक्सला ठरवावे लागते. फार आवळला तर झटके बसतात, कमी आवळला तर क्लच घसरतो. मग त्याला कळते कसे? इंजिनाचा कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा त्याला निरोप धाडत असतो, ‘मी आत्ता इतका जोर लावतो आहे.’ या जोरालाच टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. गिअरबॉक्स त्या आकड्यावर विश्वास ठेवून क्लच आवळतो.

खरी मेख इथेच आहे. चांगला रिमॅप करणारा इंजिनाची ताकद वाढवताना निरोपाचे कोष्टकही दुरुस्त करतो. घाईगर्दीत केलेल्या स्वस्त कामात ते तसेच राहते, किंवा मुद्दाम दाबले जाते. म्हणजे इंजिन २२० न्यूटन-मीटर जोर लावते आणि निरोप मात्र १७५चा धाडते! गिअरबॉक्स बिचारा १७५च्या हिशेबाने क्लच आवळतो आणि चढावर, भरल्या गाडीत क्लच घसरतो.

घसरण्याने काय बिघडते? हिशेब साधा आहे. क्लचमधून २०० न्यूटन-मीटर जोर जातो आहे आणि त्याच्या दोन बाजूंच्या फिरण्यात मिनिटाला ३०० फेऱ्यांचा फरक पडला, तर त्या क्षणी सुमारे सहा किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे दोन किलोवॉटचे तीन गिझर एका ताटलीएवढ्या जागेत एकदम चालू! दोन-चार सेकंद चालून जाते. रोज घडले तर क्लचची तब्येत ढासळते.

एकच गिअरबॉक्स, दोन गाड्या

रिमॅप म्हणजे सरसकट नाश, असेही नाही. आपल्याकडच्या माहितीतल्या गाड्यांचेच उदाहरण घेता येईल. पुण्याजवळच्या चाकणला तेव्हा तयार होत असलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. तिच्या १.२ लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता आणि गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या डबल क्लचचा. या गिअरबॉक्सची कमाल मर्यादा २५० न्यूटन-मीटर. म्हणजे तिथे भरपूर वाव होता. त्याच कुळातला गिअरबॉक्स २०२१ साली आलेल्या टायगुनच्या १.५ लिटर इंजिनालाही मिळाला. पण त्या इंजिनाचा मूळचाच टॉर्क २५०! तिथे कंपनीनेच काठोकाठ पेला भरलेला आहे. एका गाडीत तोच रिमॅप खपून जाईल, दुसरीत पहिल्याच दिवसापासून ओझे मर्यादेबाहेर. “माझ्या मित्राच्या गाडीला काही झालं नाही,” हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. गिअरबॉक्स बंद पडला म्हणजे आतले दाते झिजले असेच नसते. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच सात गिअरच्या प्रकाराच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून तपासणीला बोलावल्या. कारण काय, तर आतले सिंथेटिक ऑइल. उष्ण आणि दमट हवेत त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन तो बंद पडू शकत होता. उपाय होता सिंथेटिकऐवजी मिनरल ऑइल भरण्याचा. लोखंडाचा दोष नव्हता, विजेचा आणि तेलाचा होता. निदान करणाऱ्याने हे उदाहरण कायम खिशात ठेवावे.

आधी इंजिन, मग वीज, मग तेल, शेवटी गिअरबॉक्स

तापाच्या रोग्याला डॉक्टर आधी विचारतो, ताप केव्हा येतो, थंडी वाजून येतो का. गाडीचेही तसेच. ‘गिअरबॉक्स त्रास देतो’ या वाक्याने काही कळत नाही. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, हे घसरणे. गिअर पडताना मागून ढकलल्यासारखे वाटते, तो झटका. खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखे वाटते, ती थरथर. ‘डी’ टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही, तो विलंब. यापैकी नेमके काय, कोणत्या गिअरमध्ये, गाडी थंड असताना की तापल्यावर, हलक्या पायाने की पूर्ण दाबल्यावर? एवढे एका कागदावर लिहून नेले, तर गॅरेजचा निम्मा वेळ वाचतो.

त्यानंतर शंका घ्यायची ती इंजिनाची. टर्बोने हवा जास्त दाबली की त्या दाट हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. जुने किंवा जास्त गॅपचे स्पार्क प्लग मग ऐन जोरात दगा देतात. ठिणगी चुकते, गाडी ‘मिसिंग’ करते आणि बसणाऱ्याला वाटते गिअरबॉक्स थरथरला! टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप कुठे फाटला असेल तर ताकद मधेच पडते. इंजिनाचे फाउंडेशन बसले असेल तर प्रत्येक गिअरला धक्का जाणवतो. हे सगळे स्वस्तात दुरुस्त होणारे दोष आहेत आणि सगळ्यांचा आळ गिअरबॉक्सवर येतो.

दुसरी पायरी विजेची. बॅटरी अशक्त असली, तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली असली किंवा अर्थिंगची तार सैल असली, तरी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर चक्रावतो आणि भलतेच दोष नोंदवून ठेवतो. लाखाचे काम काढण्यापूर्वी बॅटरी तपासायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी पायरी तेलाची. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल हेच रक्त. बहुतेक गाड्यांत ते नवे असताना लाल, पारदर्शक असते. काळपट झाले आणि त्याला करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लचच्या चकत्या भाजल्या आहेत. पातळी मात्र गाडी वाटेल तेव्हा पाहून चालत नाही. तेल तापले की फुगते, म्हणून कंपनीने ठरवून दिलेल्या तापमानालाच ती पाहावी लागते. अनेक गिअरबॉक्समध्ये हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. कोरड्या डबल क्लचची गोष्ट मात्र वेगळी. तिथे क्लच तेलात बुडालेलाच नसतो. त्यामुळे क्लच घसरत असताना ‘ऑइल बदला, बरं होईल’ हा सल्ला म्हणजे पाय मुरगळला असताना डोळ्यांत औषध घालण्यासारखा!

आता स्कॅनर. हे यंत्र दोष सांगत नाही, तक्रार सांगते. ‘पी ०७३०’ म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही. का जुळत नाही, ते माणसाने शोधायचे. म्हणून तीन पथ्ये. कोड पुसण्यापूर्वी लिहून ठेवावेत. केवळ गिअरबॉक्सचाच नव्हे, इंजिनाचा कॉम्प्युटरही वाचावा. तिथे ‘पी ०३००’ किंवा त्यापुढचा एखादा मिसफायरचा कोड सापडला, तर चौकशीची दिशाच बदलते. आणि तिसरे, गाडी रस्त्यावर चालवत असताना आकडे पाहावेत. क्लच पूर्ण बसला असेल तर इंजिनाच्या फेऱ्या आणि गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या सारख्याच दिसायला हव्यात. इंजिन ३५०० आणि दांडा ३२०० दाखवत असेल, तर मधल्या तीनशे फेऱ्या क्लच खातो आहे.

साध्या चाचण्याही आहेत. डबल क्लचच्या गाडीत मॅन्युअल मोडवर एकेक गिअर पकडून मोकळ्या चढावर पाहावे. त्रास फक्त सम गिअरमध्ये होत असेल तर एक क्लच दोषी, फक्त विषममध्ये होत असेल तर दुसरा, सगळ्यांत होत असेल तर संशय पुन्हा इंजिनाकडे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ६०-७०च्या एकसारख्या वेगात थरथर जाणवली, तर मागे वाहन नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. ब्रेकचा दिवा लागताच बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर चोर तिथेच आहे. ब्रेक पूर्ण दाबून इंजिन फुल रेस करण्याची ‘स्टॉल टेस्ट’ मात्र जाणकाराखेरीज कुणी करू नये. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही ती मोजक्या सेकंदांचीच असते, डबल क्लचमध्ये तर नकोच.

रोगी बोलता झाला

नाशिकच्या त्या वर्कशॉपमधून वडील गाडी हळूहळू चालवत एका जुन्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे आणतात. तो स्कॅनरला हात लावण्यापूर्वी एक फेरी मारून येतो आणि विचारतो, “काका, त्रास कधीपासून आहे?”

वडिलांआधी आई बोलतात, “अहो, सोसायटीच्या उतारावरून गाडी मागे घेताना थरथरते, हे मी दिवाळीपासून सांगतेय. कोण ऐकतंय माझं?”

गॅरेजवाल्याचे कान टवकारतात. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सही सम गिअरच्याच क्लचवर असतो. घाटात घसरला तो चौथा गिअर, तोही सम. दोन्ही खुणा एकाच क्लचकडे बोट दाखवतात. मग तो इंजिनाचा कॉम्प्युटर वाचतो. तिथे मिसफायरचा कोड पडलेला, आणि टर्बोचा दाब कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच वर. तो वडिलांकडे पाहत नाही, मुलाकडे पाहतो.

“दादा, गाडी माझ्याशी खोटं बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. फाइल कुणाची आहे?”

मुलगा एकदा आईकडे पाहतो, एकदा जमिनीकडे. “बाबा… मी रिमॅप केलाय. डिसेंबरात.”

पुढचे पाच मिनिटे त्या गॅरेजमध्ये काय बोलले गेले, ते सांगायला नको. पण निदानाला खरी सुरुवात तिथून होते. गॅरेजवाला एका वेळी एकच गोष्ट बदलतो. हा या कामातला सुवर्णनियम. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळतच नाही. आधी स्पार्क प्लग नवे, योग्य गॅपचे. तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावताना जाणवणारी थरथर गेली. ती इंजिनाची होती. चौथ्यातले घसरणे मात्र कायम. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीची मूळ फाइल परत घातली. हीच रिमॅप केलेल्या गाडीची सर्वांत मोठी चाचणी. घसरणे बरेच कमी झाले, म्हणजे निरोपाचा आकडा चुकत होता. पण गाडी तापल्यावर पूर्ण चढावर थोडा फरक राहिलाच. अर्थ स्पष्ट होता. सम गिअरच्या क्लचने सहा महिने जास्तीचा जोर सोसला आणि तो झिजला.

निष्कर्ष? क्लच बदलावा लागेल. पण गिअर शाबूत, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर शाबूत, दाब निर्माण करणारा भाग शाबूत. सबंध गिअरबॉक्सच्या निम्म्याहून कमी खर्च. पहिल्या वर्कशॉपने लबाडी केली असे नव्हे. त्याने विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर मिळाले आणि पुढचे सगळे गणित त्या उत्तरावर बसले. इंजिनाने गिअरबॉक्सला चुकीचा आकडा दिला, घराने मेकॅनिकला चुकीची माहिती दिली. दोन्हीकडे दुखणे एकच!

इथे एक सावधगिरी. काही ठिकाणी स्कॅनरने ‘ॲडॅप्टेशन’ करून देतात, म्हणजे क्लच कुठे धरतो हे गिअरबॉक्सला नव्याने शिकवतात. नवा क्लच बसवल्यावर ते करावेच लागते. पण झिजलेल्या क्लचवर केलेले ॲडॅप्टेशन ही ताप उतरवणारी गोळी आहे. चार दिवस बरे वाटते, रोग आत वाढतो.

हौसेची किंमत

तरुणांच्या हौसेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. वेगाची ओढ प्रत्येक पिढीला असते; कालची पिढी स्कूटरच्या सायलेन्सरमधली जाळी काढायची. पण ज्या गाडीत आजी बसते, त्या गाडीची गोष्ट वेगळी. ओव्हरटेक करताना ऐन वेळी जोर गेला, तर ते गॅरेजच्या बिलावर निभावेलच असे नाही.

शिवाय कागदपत्रांचा प्रश्न आहे. रिमॅप केलेल्या गाडीवर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. मूळ फाइल परत घातली म्हणजे पुरावा पुसला, असे समजू नये. अनेक कंपन्यांच्या यंत्रणेत खुणा मागे उरतात. विमा कंपनीपासून बदल लपवला असेल, तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तो वादाचे कारण ठरू शकतो. आणि नोंदणीच्या दाखल्यावरचे तपशील कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार, मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार करता येत नाही.

जुनी टर्बो गाडी विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. मालकाला सरळ विचारावे, “रिमॅप केलाय का? कुणी केला? मूळ फाइल आहे का?” उत्तर देताना तो अडखळला, तर चढावर लांब फेरी मारल्याशिवाय आणि दोन्ही कॉम्प्युटर वाचून घेतल्याशिवाय टोकन देऊ नये.

हे जवळ ठेवा

* त्रास कोणत्या गिअरमध्ये, थंड की गरम, हलक्या पायाने की जोरात, हे लिहून न्यावे.
* गाडीत केलेला प्रत्येक बदल मेकॅनिकला पहिल्याच भेटीत सांगावा.
* गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी स्पार्क प्लग, हवेचे पाइप, फाउंडेशन आणि बॅटरी तपासून घ्यावी.
* स्कॅनरचे कोड पुसण्याआधी त्यांची प्रत मागून घ्यावी.
* रिमॅप असेल तर मूळ फाइल घालून पुन्हा चाचणी घ्यावी. मोठा खर्च त्यानंतरच.
* चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबून थांबवावी. डबल क्लचचे आयुष्य याने वाढते.
* गिअरचे अक्षर लुकलुकले आणि जोर गेला, तर पार्किंग लाइट लावून, सुरक्षित जागी थांबून गाडी थंड होऊ द्यावी. हट्टाने घाट चढू नये.

क्लच बदलून गाडी घरी आली, त्या दिवशी वडिलांनी किल्ली मुलाच्याच हातात दिली. “चालव,” एवढेच म्हणाले. खर्चातला अर्धा वाटा मुलाच्या पगारातून दरमहा कापला जाणार होता, तो निकाल आईंनी आधीच दिला होता. सोसायटीच्या उतारावर त्याने गाडी मागे घेतली. थरथर नाही, आवाज नाही.

मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, “आता कशी शहाण्यासारखी चालतेय!” त्या गाडीबद्दल बोलत होत्या की नातवाबद्दल, हे कुणी विचारले नाही.